मुंजामामांची बॅटरीवरची सायकल

मुंजामामांनी साधा एक 'हॅलो' म्हटलेला मी कधी ऐकला नाही. आधी दोन फुंकरा, मग तीन हॅलो. "फू, फू, हॅलो, हॅलो, हॅलो." मोबाईल उचलला तरी तेच आणि आमच्या दारात उभं राहून हाक मारायची तरी तेच. एकदा जिंतूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून "जोरात श्वास घ्या" म्हटलं, तर मामांनी खाली वाकून त्या नळीच्या तोंडावरच दोन फुंकरा मारल्या. डॉक्टरांनी कानातून नळी काढली आणि बराच वेळ कान चोळत बसले.

मामांचा दोष नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी हातात माईक धरला होता. बोरी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लग्न असो, सप्ताह असो, नाहीतर गावसभा, भोंगे मामांचे. पुढच्या दांडीला दोन भोंगे, हँडलला वायरीची भेंडोळी, मागच्या कॅरिअरला ॲम्प्लिफायर आणि बॅटरी, असा सगळा संसार सायकलवर लादून ते निघायचे. पुढे डीजेची वाहनं आली आणि मामांचं काम आटपलं. मी बोरीच्या शाळेत बदलून आलो आणि मामांच्या भिंतीला भिंत लागून खोली घेतली, तेव्हा ते भोंगे पडवीत उताणे पडलेले होते. त्यातल्या एकात कोंबडी अंडी घालायची. माईक गेला तरी आवाज मात्र जागच्या जागी होता. पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी कुणाचं तरी जोरदार भांडण चाललंय. मागाहून कळलं, मामा बायकोला चहा मागत होते.

"मुद्द्याचं सांगतो" हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकलं की समजायचं, आता मुद्दा दूर गेला. मी चपला घालून शाळेला निघालेलो असताना त्यांनी मुद्द्याचं सांगायला घेतलं, की माझी प्रार्थना चुकलीच. पण माणूस असा दिलदार, की चिडायची सोय नव्हती. मला ताप आला तेव्हा तीन दिवस सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि वरण घेऊन ते स्वतः यायचे आणि मी जेवेपर्यंत बोलायचे. ताप उतरायला मला दोन दिवस पुरे होते, तिसरा त्यांच्या बोलण्यात गेला असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्यांच्या माईकची एक गोष्ट गावात अजून सांगतात. गावातले एक जुने पाटील वारले, म्हणून चावडीसमोर शोकसभा होती. भोंगा मामांचा. भाषणं झाली, दोन मिनिटं स्तब्धता झाली, बायाबापड्यांनी डोळे पुसले. शेवटी आभार मानायला मामांनी माईक हातात घेतला आणि तोंडात बसलेलं वाक्य बाहेर पडलंच: "आलेल्या समस्त पाहुण्यांना नम्र विनंती, जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये." मंडळी उठता उठता परत बसली. पाटलांच्या घरी स्वयंपाकाचा पत्ता नव्हता. शेवटी शेजारच्या चार घरांतून पोह्यांच्या पातेल्या आल्या, तेव्हा कुठं लोक हलले. पाटलांचा मुलगा पुढे वर्षभर मामांशी बोलला नाही. मामा म्हणायचे, "पण मयत झालेला माणूस बघत आसंल तर खूश झाला आसंल बगा. त्याच्या दारातून कोण उपाशी गेलं न्हाई."

आता गयामामींबद्दल. मामी अबोल आहेत असा साऱ्या गावाचा समज होता. माझी खोली भिंतीला लागून असल्यामुळं मला खरं काय ते माहीत होतं. मामी बोलायच्या, पण त्यांचं वाक्य अर्ध्यावर आलं की मामा पुढून पकडायचे आणि पुरं करून टाकायचे, तेही चुकीचं.

"आज भाजीला," मामी सुरू करायच्या.

"मेथी!" मामा म्हणायचे. "मेथीच कर. आगं मेथीवरून मुद्द्याचं सांगतो..."

मामींना 'आज भाजीला तेल नाही' एवढंच सांगायचं असायचं. अर्धा तास मेथी ऐकून त्या उठायच्या आणि शेजारून तेल मागून आणायच्या.

या दोघांचं एक प्रकरण सगळ्या बोरीला तोंडपाठ होतं. मामींचं माहेर दोन कोसांवर. त्या वस्तीला सगळे नुसती 'वाडी' म्हणतात. लग्नाला महिना झाला असेल. मामा नव्या नवरीला सायकलवर मागं बसवून माहेरी घेऊन निघाले. नुकताच नवा ॲम्प्लिफायर घेतला होता आणि त्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मामा पायडल मारत होते आणि बोलत होते. मधे ओढ्यावर नळकांड्यांचा पूल लागतो. तिथं सायकल उसळली आणि मामी मागच्या मागं खाली पडल्या. त्यांनी हाकही मारली म्हणतात. मामा बोलत पुढे गेले. वाडीपर्यंत पुढचा सगळा रस्ता ते त्या ॲम्प्लिफायरचे गुण मोकळ्या कॅरिअरला सांगत होते. सासऱ्याच्या अंगणात सायकल थांबवून म्हणाले, "घ्या, आणली तुमची लेक." सासऱ्यानं कॅरिअरकडं पाहिलं, मेव्हण्यानं पाहिलं आणि शेवटी मामांनीही वळून पाहिलं.

मामी तासाभरानं लंगडत पायी आल्या. ओसरीवर बसून पाणी प्यायल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माणूस पडलं तरी ज्याला कळत न्हाई, त्याच्या मागं मी बसणार न्हाई."

ते वाक्य त्यांनी चाळीस वर्षं पाळलं. माहेरी जायचं तर त्या बैलगाडीनं गेल्या, पुढे शेअर रिक्षानं गेल्या, वेळ पडली तर चालत गेल्या. मामा शेजारून सायकलवर जायचे, कॅरिअर रिकामं. ही गोष्ट मामा स्वतःच रंगवून सांगायचे, लग्नात दोन मंगलाष्टकांच्या मधे माईकवरूनसुद्धा. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, "काय करता, रस्ता लय खराब व्हता!" लोक हसायचे. मामी हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

मी तिथं होतो त्या वर्षी हे हसण्यावारी नेण्याजोगं राहिलं नाही. वाडीला मामींची थोरली बहीण होती, काशीबाई. तिला अर्धांगवायू झाला आणि ती अंथरुणाला खिळली. तिची एकच मागणी होती, मंगळवारी बाजाराच्या दिवशी घरातले सगळे बाहेर जातात, तेव्हा गयानं येऊन जवळ बसावं. पण वाडीची शेअर रिक्षा बंद पडली होती, कारण घरोघर मोटारसायकली आल्या आणि रिक्षात बसायला कुणी उरलं नाही. मामींचे गुडघे दोन कोस चालायच्या लायकीचे राहिले नव्हते. कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसायचं तर दर मंगळवारी कुणाचे पाय धरायचे? दोन मंगळवार असेच गेले. दुसऱ्या मंगळवारी मामी दिवसभर उंबऱ्यात बसून होत्या. मामांनी त्या दिवशी तीनदा चहा मागितला, पण हळू आवाजात.

"मोटारसायकल घ्या की मामा," मी म्हणालो.

"छ्या! तिच्या आवाजात बोलल्यालं ऐकू येतंय का?"

हे कारण त्यांनी अगदी मनापासून दिलं. आणि लगेच खिशातून मोबाईल काढला, त्यावर दोन फुंकरा मारल्या आणि मला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा गावात एक म्हातारा साध्या सायकलला मोटर बसवून भुर्रकन निघाला होता. "बगा. आवाज न्हाई, धूर न्हाई. चढाला दम लागत न्हाई. माणूस बोलत बोलत जाऊ शकतंय. लेकीला सांगितलंय, ती पुण्यावरून सामान पाठवायलीय."

"पण मामी बसतील का?"

"बसंल," मामा म्हणाले. "सायकल बदलल्यावर बसंल की. तिचा राग जुन्या सायकलवर हाय."

पुण्याहून खोकं आलं, तेव्हा अर्धी गल्ली अंगणात जमली. आत मोटर बसवलेलं पुढचं चाक, बॅटरीचा डबा, वायरींचा एक गुंता, हँडलला लावायची पिळायची मूठ आणि मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांचा एक कागद. कागद माझ्या हातात आला, कारण मी विज्ञानाचा मास्तर. मी सातवीला वीज शिकवतो, पण ती पुस्तकातल्या आकृतीतली वीज. तिला दोन वायरी आणि एक बल्ब असतो. या गुंत्यात मी सतरा वायरी मोजल्या.

"गुरुजी, तुमी निस्तं वाचा, जोडायचं मी बगतो," मामा म्हणाले. "भोंग्याच्या वायरी मी झोपेत जोडल्यात." आणि त्यांनी वायरीचं टोक तोंडात घातलं. वायर सोलायला मामांना पक्कड लागत नसे. समोरच्या एका दाताला त्यासाठीच खाच पडलेली होती.

अर्थात आधी पूजा. नवी वस्तू पूजेशिवाय जोडायची नाही, हा त्यांचा नियम. ॲम्प्लिफायरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांची झाली होती. मामांनी मोटरीवर ओल्या कुंकवाचं ठळक स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, बॅटरीला हळद लावली आणि नारळ फोडला. मग चाक बसवायला घेतलं. मोटरीची वायर चाकाच्या एका बाजूनं बाहेर येते. ती डावीकडं घ्यायची की उजवीकडं, असा प्रश्न आला. मी कागदात शोधत होतो, तेवढ्यात मामांनी निकाल दिला.

"उजवीकडं. ही डावीकडं पाय सोडून बसणार. लुगडं डावीकडं येणार. सगळ्या वायरी उजव्या अंगानं नेऊ, म्हंजे तिचं लुगडं कशात आडकायचं न्हाई."

मला हा विचार फार आवडला. इतका आवडला, की मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या चुकीत माझाही वाटा आहे हे मी इथं कबूल करतो.

तीन दिवस खपून सायकल तयार झाली. मामा स्वच्छ धोतर-सदरा घालून बसले. तोंड फाटकाकडं. पाठीमागं बाजेवर मामींनी कुरडया वाळत घातलेल्या. "फू, फू, हॅलो," असं मामा त्या मुठीला म्हणाले आणि मूठ पिळली. सायकल जागची हलली आणि मामांना घेऊन डौलात मागं निघाली.

"आरं, आरं, थांब!" मामा ओरडले. पण घाबरलेला माणूस मूठ सोडत नाही, घट्ट धरतो. सायकल मागच्या मागं बाजेवर गेली, बाज भिंतीवर गेली आणि मामा कुरडयांत बसले. लोक हसून हसून खाली बसले. मामी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी कुरडयांकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

"आवं," त्या म्हणाल्या, "माहेर पुढं हाय माजं, मागं न्हाई."

आणि आत गेल्या. मी मोटर निरखत बसलो. कुठं काय चुकलं ते कळेना. शेवटी ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं, तर स्वस्तिकाच्या बरोबर खाली एक बाण कोरलेला निघाला. चाक कुठल्या दिशेनं फिरणार ते दाखवणारा बाण. आम्ही चाक उलटं बसवलं होतं आणि देवाच्या नावानं बाण झाकला होता. चाक फिरवून बसवलं, तेव्हा वायर डावीकडं आली. मामांनी पाण्याच्या पाईपचा तुकडा उभा चिरून वायरीवर चढवला आणि वर सुतळी गुंडाळली. लुगड्याचा प्रश्न असा मिटला.

सायकल आता पुढं जाऊ लागली. पण मामी बसायचं नाव काढीनात. मामांनी कॅरिअरला स्पंजाची गादी लावली, मोडक्या खुर्चीची पाठ आणून जोडली, पाय ठेवायला फळी ठोकली. मामी रोज सकाळी त्या गादीवर साचलेली धूळ झटकायच्या आणि पुढं जायच्या.

"तिला भ्या वाटतंय," मामांनी निदान केलं. "आधी वजन घालून चालवून दाखवतो. आगं, तुझं वजन किती?"

मामींनी ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन मी करत नाही. मामा माझ्याकडं आले. "गुरुजी, तुमीच अंदाजानं सांगा." मी म्हणालो, दुसऱ्याच्या बायकोच्या वजनाचा अंदाज करणं शिक्षकाच्या नोकरीत बसत नाही. शेवटी त्यांनी स्वतःच्या हिशेबानं ज्वारीचं एक पोतं भरलं आणि कॅरिअरवर आडवं ठेवलं. मी म्हटलं, मामा, बांधा तरी. तर म्हणाले, "तिला काय दोरीनं बांधून न्यायचंय का?" मामा पोत्याला घेऊन वाडीच्या रस्त्याला लागले.

अर्ध्या तासानं आमच्या गल्लीत एक बैलगाडी आली. गाडीवानानं अंगणात ज्वारीचं पोतं टाकलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मामी सापडल्या बगा! पुलाजवळ पडल्या व्हत्या!" गल्ली फुटेस्तोवर हसली. मामी दारात उभ्या होत्या. त्या पोत्याकडं बघत राहिल्या आणि आत गेल्या.

वाडीला काय झालं ते मला नंतर कळलं. मामा नेहमीप्रमाणं बोलत गेले होते. पोत्याला ते मोटरीचे गुण सांगत होते. सासऱ्याच्या त्याच अंगणात सायकल थांबली. सासरे कधीच गेले, पण मेव्हणा तोच, आता तोही म्हातारा. तो बाजेवरून उठला, रिकाम्या गादीकडं पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, ह्या टायमाला काय पाडलं?"

त्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला मामा माझ्या ओट्यावर येऊन बसले. फुंकर नाही, हॅलो नाही. मी चहा दिला, तो त्यांनी मुकाट्यानं प्यायला. मला खरंच भीती वाटली. पंधरा मिनिटं मामा गप्प, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गुरुजी," शेवटी ते म्हणाले, "तो रस्ता आता डांबरी हाय. पूल नवा हाय. एक खड्डा न्हाई."

मी त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

"चाळीस वरसं मी सांगायलोय, रस्ता खराब व्हता." त्यांनी कप खाली ठेवला. "रस्ता खराब न्हवता, गुरुजी."

मला त्या माणसाची फार कीव आली, आणि कौतुकही वाटलं. या वयात स्वतःची आवडती गोष्ट कोण खोटी पाडून घेतं? ते उठून घरी गेले. आमच्या मधली भिंत पातळ होती आणि मला कान लावायची गरज कधी पडली नव्हती. त्या संध्याकाळी मात्र मी कान लावला. मामी भाकऱ्या थापत होत्या.

"आगं," मामा म्हणाले. "त्या दिशी रस्ता खराब न्हवता. मी बोलत व्हतो. तू हाक मारलीस, ती मला ऐकू आली न्हाई."

थापायचा आवाज थांबला. मग मामींचा आवाज आला, "मी तीनदा मारली व्हती."

"तीनदा?"

"तीनदा."

पुन्हा भाकरी थापायचा आवाज सुरू झाला. एवढंच.

पुढचा मंगळवार आला. मामी इरकली लुगडं नेसून, हातात काशीबाईसाठी शिऱ्याचा डबा घेऊन अंगणात आल्या आणि सायकलजवळ उभ्या राहिल्या. गल्ली गोळा झालीच.

"बसते," त्या म्हणाल्या. "पण एक हाय. हितून निघाल्यापासून परत घरात पाय ठेवस्तोवर तोंडातून शब्द काढायचा न्हाई. कुणाशीच न्हाई."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. फाशीची शिक्षा ऐकल्यावर माणूस वकिलाकडं बघतो तसं.

"एकबी न्हाई?"

मामींनी जरा विचार केला. "'हायस का' एवढं इचारायचं. मी पाठीवर हात मारीन."

सायकल निघाली. गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मामांनी सात वेळा "हायस का?" विचारलं आणि मामींनी सातही वेळा त्यांच्या पाठीत थाप घातली. शेवटच्या दोन जरा जोरात होत्या.

संध्याकाळी परत आले, तेव्हा मी दारातच होतो. "कसं झालं मामा?" मामांनी तोंडावर हात ठेवला, सायकल भिंतीला लावली, चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि आतूनच सुरुवात केली, "फू, फू, हॅलो, गुरुजी, मुद्द्याचं सांगतो..." आपण किती गप्प बसलो हे ते मला दीड तास सांगत होते.

मग दर मंगळवारचा तो नेम झाला. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी मामा माझ्याकडं आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

"गुरुजी, ती बोलायलीय."

"कोण?"

"ही. मागं बसून. वाडीला जाईस्तोवर बोलती, येताना बोलती. मला तर तोंड उघडायची बंदी. मंग बोलतीच."

"काय बोलतात?"

"सगळं," मामा म्हणाले. ते ओट्यावर बसले. "तिचा बाप तिला बैलाच्या नावानं हाक मारायचा, लाडानं. मला म्हाईतच न्हवतं. ती ल्हानपणी झाडावर चढायची म्हनं. आन गुरुजी..." त्यांचा आवाज उतरला. "तिला मेथी आवडत न्हाई. चाळीस वरसं झाली, तिला मेथी आवडत न्हाई."

मी हसू दाबलं. पण मामा हसत नव्हते. एवढ्या वर्षांत आपलं केवढं ऐकायचं राहून गेलं, याचा त्यांना आता हिशेब लागत नव्हता.

वर्षभरानं माझी बदली सेलूला झाली. सामान आधीच पाठवलं होतं. निघालो त्या दिवशी मंगळवार होता आणि मामांच्या दाराला कुलूप. निरोप घेतल्याशिवाय जायला मन होईना, म्हणून मी नुकतीच घेतलेली मोटारसायकल वाडीच्या रस्त्याला घातली. ओढ्याच्या अलीकडं ते दोघं दिसले. सायकल इतक्या हळू चालली होती, की शेजारून चालणारी शेळी पुढं गेली. मामा वाकून पायडल मारत होते, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मोटर बंद. मागं मामी गादीवर ऐसपैस बसून, एक हात मामांच्या खांद्यावर ठेवून, शेतांकडं बघत बोलत होत्या. कुठल्याशा विहिरीची, काशीची आणि एका हरवलेल्या पैंजणाची गोष्ट चालू होती. त्यांचं माझ्याकडं लक्षही नव्हतं.

मला वाटलं, बॅटरी उतरली. मी गाडी शेजारी घेतली. "मामा, मोटर बंद पडली का? ढकलू का?"

मामांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांनी मागं खूण केली. मग आयुष्यभर भोंग्यातून बोललेल्या त्या माणसानं नियम मोडून, अगदी कुजबुजत मला सांगितलं, "बॅटरी फुल्ल हाय, गुरुजी. मोटर लावली की वाडी लवकर येती."

मी माझी गाडी बंद केली. नुसत्या आवाजानं त्या गोष्टीत खंड पडायला नको होता. सायकल पुलावर चढली. "हायस का?" मामांनी विचारलेलं मला ऐकू आलं. मामींनी बोलणं न थांबवता त्यांच्या पाठीवर हात मारला आणि पैंजणाची गोष्ट पुढं चालू ठेवली.